पंधरा मिनिटांची चौपट

सोमवार, ७ जुलै. सकाळी साडेदहा. पॅकिंग हॉलला लागून असलेली ऑफिसची खोली.

हजर: शेठ, म्हणजे आमच्या पेढ्यांच्या कारखान्याचे मालक. पुण्याहून आलेले सल्लागार, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. पॅकिंगमधल्या सगळ्यात जुन्या बाई, ज्यांना सगळ्या आक्का म्हणतात. आणि मी, पॅकिंगची सुपरवायझर.

गैरहजर: बाकीच्या एकवीस बाया. बैठक त्यांच्या पगाराची होती, पण त्यांना आत घेतलं तर काम बंद पडेल, असं शेठ म्हणाले. खरंच होतं ते. काम त्याच करत होत्या.

कारखाना शिर्डीच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. शिर्डीतल्या दुकानांत पाव किलोच्या पेढ्यांचे बॉक्स रचलेले दिसतात, त्यांतले बरेचसे आमच्याकडून जातात. पेढे भट्टीवरची माणसं करतात, आमचं काम त्यानंतरचं. पुठ्ठ्याचा बॉक्स सपाट येतो. त्याला घड्या घालून उभा करायचा, आत कागद टाकायचा, ट्रेमधून पेढे मोजून भरायचे, काट्यावर ठेवायचा, झाकण, स्टिकर, मग मोठ्या खोक्यात रचायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. आठ तासांत पावणेपाचशे वेळा केला की वाटत नाही.

चौदा वर्षांपूर्वी मी याच हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून हे बॉक्स भरत होते. माझं अक्षर बरं आणि मला याद्या करायची खोड, म्हणून सहा वर्षांनी मला उठवून खुर्चीवर बसवलं. कोण आलं, कोणी किती भरले, किती फाटले, किती कागद शिल्लक, सगळं माझ्याकडे असतं. घरीही तेच. लग्नापासूनच्या किराणाच्या याद्या वह्यांमध्ये आहेत. नवरा म्हणतो, तुला चोर धरायचा असेल तर पंचनामा तयारच असतो. मी एवढंच म्हणते की माझ्या घरात साखर अचानक संपत नाही.

तर या माझ्या याद्यांपैकी एका यादीमुळे ही बैठक झाली. ते आधी सांगते, म्हणजे माझा मान किती मोठा ते कळेल.

संक्रांतीला कारखान्यात हळदीकुंकू असतं. शेठच्या मिसेस येतात, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी किंवा चहाची गाळणी मिळते. तिळगूळ दुपारच्या सुट्टीत वाटतात, कामाच्या वेळेत नाही. शेठ दरवर्षी तेच दोन शब्द बोलतात, की आपण सगळे एक कुटुंब आहोत. या कुटुंबातल्या बावीस जणींना शौचालय एक आहे.

यंदा वहिनींना टीव्हीवरच्यासारखा खेळ हवा होता. बक्षीस साडी. कल्पना माझी. पंधरा मिनिटांत कोण जास्त बॉक्स भरतं ते बघू, म्हटलं. नियमही माझेच. खेळ रटाळ होऊ नये म्हणून बॉक्स आदल्या दिवशी घड्या घालून तयार ठेवले. पेढे बारा-बाराच्या ओळीत मोजून ट्रेमध्ये लावले. स्टिकर आणि रचाई नंतर करायची ठरली. मी शिट्टी वाजवली, मोबाईलवर वेळ लावली, बायांनी पदर खोचले. काय तो आरडाओरडा! भट्टीवरचे पुरुष दारात उभे राहून शिट्ट्या मारत होते. आक्का पहिल्या आल्या. एकतीस बॉक्स. पन्नाशी ओलांडलेली बाई, सगळ्या तरण्या पोरी मागे टाकून.

खेळात भरलेले बॉक्स दुसऱ्या दिवशी स्टिकर लावून शिर्डीला गेले. त्यांची मजुरी अर्थातच नव्हती. खेळ होता ना.

मी निकालाची सुबक यादी टाईप केली. अनुक्रम, नाव, वेळ पंधरा मिनिटं, भरलेले बॉक्स. घड्या आधी घातलेल्या होत्या, हे त्यात नाही. पेढे मोजून ठेवलेले होते, हेही नाही. मला वाटलं, सगळ्यांना माहीतच आहे. खाली सही करून मी ती यादी बोर्डावर लावली.

त्याच बोर्डावर किमान वेतनाचा तक्ता असतो. काचेच्या फ्रेममध्ये आहे. तो लावावा लागतो, म्हणून लावलेला. खंडेनवमीला काट्यांना, टेपच्या मशीनला, ट्रॉलीला झेंडूचे हार घालतात, तेव्हा त्या तक्त्यालाही घालतात. हार घालणाऱ्यांपैकी एकीनंही तो कधी वाचला नाही. मीही नाही. मेमध्ये पहिल्यांदा वाचला, तेव्हा कळलं की त्यावरचा आकडा तीन वेळा बदलून गेला आहे आणि तक्ता तसाच आहे. पगारात वाढ पोचत होती, उशिरा आणि कुरकुरत, पण पोचत होती. तक्ता मात्र देवासारखा. दर्शन घ्यायचं, प्रश्न विचारायचे नाहीत.

मेमध्येच सर आले. हॉलमधून फिरताना त्यांनी बोर्डाचा फोटो काढला. मला बरं वाटलं होतं. कोणीतरी माझी यादी वाचली, असं.

आता बैठकीकडे.

शेठनी सुरुवात चहाने केली. मग सरांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. त्यावर एक हिरवी रेघ होती आणि एक लाल. हिरवी वर, लाल खाली.

“हे बघा मॅडम, तुमचाच डेटा आहे. खूप छान ठेवलाय. पंधरा मिनिटांत एकतीस. म्हणजे तासाला एकशे चोवीस. आम्ही अन्याय करत नाही. तीस टक्के सोडून देतो. सत्याऐंशी. सध्या तुमच्या लेडीज किती करतायत? साठ.”

पंधरा मिनिटांची चौपट करायला माणसाला पुण्याहून गाडी करून यावं लागतं, हे मला नवीन होतं.

“मग आता सत्याऐंशी करायचे?” मी विचारलं.

“करायचेच असं नाही,” सर म्हणाले. “पण जे करतात ते अर्धकुशल. जे करू शकत नाहीत ते अकुशल. स्किल म्हणजे तेच ना?”

हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. सरकारी दरात तीन पायऱ्या असतात: कुशल, अर्धकुशल, अकुशल. आमच्या पॅकिंगच्या बाया पहिल्यापासून मधल्या पायरीवर आहेत. खोकी उचलणारे आणि झाडलोट करणारे खालच्या. महागाई वाढली की सरकार दर सहा महिन्यांनी तिन्ही पायऱ्यांवर भत्ता वाढवतं, एकदा जानेवारीपासून, एकदा जुलैपासून. जुलैची वाढ यायची होती. बायांना मधल्या पायरीवरून खाली ढकललं, की वरून वाढ आणि खालून घट, दोन्ही मिळून पगार होता तिथेच. कायदा मोडला नाही, रजिस्टर स्वच्छ, तक्त्याला हार. एवढी हुशारी कोणी पेढ्यांच्या चवीत दाखवली असती तर धंदा दुप्पट झाला असता.

“शेठ,” आक्का म्हणाल्या, “आमी येकवीस वर्सं हितं हाय. येकवीस वर्सांत जे शिकले ते येका म्हयन्यात इसरले व्हय?”

“आक्का, तुमचं तर काहीच नाही. तुमच्याच नावावर एकतीस आहेत. तुम्ही तर अर्धकुशलच राहणार.”

“मी राह्यले आन बाकीच्या खाली. मंग मी जेवायला कुठं बसू?”

शेठ हसले. आक्कांवर त्यांचा जीव आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच आहे. त्यांच्या आईच्या आजारपणात आक्का दोन महिने दवाखान्यात डबा पोचवत होत्या. ज्यांच्यावर जीव असतो त्यांचा पगार वाढवायचा असतो, हे मात्र शेठना कोणी शिकवलं नाही.

मग ते गंभीर झाले. “सरकारला काय जातंय? दर सहा महिन्यांनी कागद काढतं. आम्ही कधी नाही म्हटलं? पण दरवेळी वाढ फुकट द्यायची का?”

“फुकट म्हंजी? म्हागाई आमी आनली का?”

“तुम्ही नाही आणली हो, पण मीही नाही आणली ना.”

इथे मी माझी वही काढली. मला वाटलं होतं, आकड्यांपुढे माणूस गप्प बसतो. चौदा वर्षांपूर्वी माझ्या एका दिवसाच्या मजुरीत तीन लिटर गोडेतेल यायचं. माझ्या किराणाच्या यादीत आहे, दुकानदाराच्या शिक्क्यासकट. आज आक्कांच्या एका दिवसाच्या मजुरीत तीन लिटर तेल येतं. मी हे वाचून दाखवलं.

सर एकदम खूश झाले. “एक्झॅक्टली! म्हणजे वेतन महागाईबरोबर राहिलं. तुम्हीच सिद्ध केलंत.”

“राहिलं,” मी म्हटलं. “आता बॉक्स बघा. चौदा वर्षांपूर्वी मी तासाला चौतीस भरत होते, जमिनीवर बसून. आज प्रत्येक बाई साठ भरते. तेल तीन लिटरच. मग मधले सव्वीस बॉक्स कुठे गेले?”

शेठनी सरांकडे बघितलं. सरांनी हिरव्या रेघेकडे.

“त्यात गुंतवणूक आहे ना मॅडम,” सर म्हणाले. “टेबलं आली, डिजिटल काटे आले. प्रॉडक्टिव्हिटी वाढली ती मशीनमुळे.”

“टेबल भरतंय व्हय पेढं?” आक्का म्हणाल्या. “मंग आमाला घरी धाडा. पुढच्या संक्रांतीला टेबलालाच हळदीकुंकू लावा न् त्यालाच चाळनी द्या.”

या वेळी सरही हसले. हसून झालं की अशी माणसं समजतात, प्रश्न मिटला.

टेबलांची गोष्ट मला पाठ आहे, कारण खरेदीची यादी मी केली होती. टेबलं एकदा आली, त्यांचे पैसे एकदा गेले. सव्वीस बॉक्स मात्र रोज, प्रत्येक तासाला, प्रत्येक बाईकडून येतात. आणि तो सरकारी भत्ता म्हणजे तरी काय? भाव आधी चढतात. ते चढल्याचं सरकार मोजतं. मोजून झाल्यावर जाहीर करतं. जाहीर झाल्यावर शेठना ते कळायला महिना लागतो, पटायला आणखी एक. तोवर बाई नव्या भावाने तेल आणते, जुन्या मजुरीने. ही वाढ नव्हे. गेलेलं परत मिळतं, तेही सगळं नाही, आणि त्यालाही शेठ फुकट म्हणतात.

हे मी बोलले नाही. आता लिहिते आहे. तेव्हा मला वेगळीच घाई होती, कारण सरांकडे माझ्या सहीच्या यादीचा फोटो होता आणि त्या यादीतली चूक मला एकदम दिसली होती. सहा महिने बोर्डासमोरून रोज दहादा जाताना दिसली नव्हती.

“सर, ते एकतीस खेळातले आहेत,” मी म्हटलं. “बॉक्सना घड्या आधी घातल्या होत्या. पेढे मोजून ठेवले होते.”

“यादीत तसं नाही.”

“नाही. पण तसं होतं.”

आक्का उठल्या, हॉलमधून एक सपाट पुठ्ठा घेऊन आल्या, आणि टेबलावर सरांच्या लॅपटॉपशेजारी त्यांनी तो उभा केला. मी वेळ लावली. अकरा सेकंद. मग मी तिथेच कागदावर मांडलं. खेळातला एक बॉक्स एकोणतीस सेकंदांत. त्यात मिळवा घड्यांचे अकरा. ट्रेमधून पेढे मोजून घेण्याचे बारा. स्टिकर आणि रचाईचे सहा. झाले अठ्ठावन्न. तासाला बासष्ट. घोटभर पाणी प्यायचं असेल तर साठ. म्हणजे खेळात जीव खाऊन जो वेग गाठला, त्याच वेगाने या बाया रोज आठ तास काम करतात. सोडण्यासारखे तीस टक्के त्यांच्याकडे नाहीतच.

सरांनी कागद बघितला. चूक सापडली नाही, म्हणून त्यांनी तो शेठकडे सरकवला.

शेठनी कागद वाचून घडी घातली आणि खिशात ठेवला. मला क्षणभर वाटलं, झालं. मग ते म्हणाले, “ठीक आहे मॅडम. मी तुमचं ऐकतो. लेखी द्या. संक्रांतीची यादी मी केली, त्यात मी चुकीची नोंद केली, असं स्वच्छ लिहा, सही करा. ते आलं की सत्याऐंशी रद्द. सगळ्या होत्या तिथेच. जुलैचं रजिस्टर एकतीस तारखेला बंद होईल, त्याच्या आत.”

“चुकीची नोंद नव्हती शेठ. अपुरी होती.”

“तेच ते. पण लिहा ‘चुकीची’. मला फाईलला लागतं.”

फाईल म्हणजे माझी. दोन वर्षांपूर्वी स्टोअरच्या माणसाकडून असाच एक कागद घेतला होता, साखरेच्या पोत्यांबद्दल. तेव्हाही शेठ म्हणाले होते, नुसतं फाईलला लागतं. तीन महिन्यांनी ती फाईल उघडली आणि तो माणूस घरी गेला. आता कोपरगावला रसवंती चालवतो. रस चांगला असतो, असं ऐकते.

बाहेर आलो तर बाया हात चालवत आमच्याच तोंडाकडे बघत होत्या. आक्कांनी एका दमात सगळं सांगितलं. एक जण म्हणाली, “आक्का, ती बक्षिसाची साडी नेसून येत जा रोज. व्हत्याल येकतीस.”

“ती साडी पयल्याच धुन्यात पांढरी फट झाली गं बये. तुज्या सासूला दे, फरशी पुसायला.”

“आन आमी अकुशल का आता? मंग मी बॉक्स उलटाच लावते, मला काय कळतंय!”

हसल्या सगळ्या. पण हसताना एकीचेही हात थांबले नाहीत. उलट, मी बघत होते, वेग वाढला होता. माझ्याकडून कागद जाईपर्यंत सत्याऐंशीच लागू, हे त्यांना कळलं होतं, आणि प्रत्येकीने मनात ठरवलं होतं की दुसरी खाली गेली तरी आपण जायचं नाही. मला त्यांचा राग आला. नुसता राग नाही, तुच्छ वाटल्या. आठवडाभरात दोघी अडुसष्टवर गेल्या. एक पोर बहात्तरवर. तिने पाणी प्यायचं सोडलं, म्हणजे शौचालयाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. पुठ्ठ्याच्या कडेने तिच्या अंगठ्याची कातडी निघाली, तर तिने खोकी बंद करायची चिकटपट्टी गुंडाळली. सर पुन्हा आले असते तर त्यांची हिरवी रेघ आणखी वर गेली असती, आणि तीही माझ्याच याद्यांवरून. मी रोज संध्याकाळी आकडे लिहीत होतेच.

आक्कांनी मात्र साठच ठेवले. एकदाही एकसष्ट नाही. “माजं नाव खेळात वर आलं, त्याचं मी बघून घेते,” त्या म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, तुमी लिव्हून द्या. दोन वळी तर हायेत.”

“लिहिते आक्का. शब्द नीट हवेत.”

“शब्दाला काय चाटायचंय? चूक झाली म्हना. आमी रोज म्हंतो.”

मी त्यांना म्हटलं, उद्या. ही सोळा जुलैची गोष्ट.

आज अठ्ठावीस जुलै. नोकरीची भीती आहे, ती लपवत नाही. मुलीची फी आहे, सासूबाईंचं औषध आहे. पण नुसत्या भीतीने मी अडलेले नाही. नुसती भीती असती तर मी गप्प बसले असते, आणि मी गप्प बसलेले नाही. मी कामगार अधिकाऱ्यांच्या नगरच्या ऑफिसला लिहायच्या अर्जाचा मसुदा केला. चौदा वर्षांच्या तेलाचा आणि बॉक्सचा तक्ता केला, दोन रंगांत. बावीस जणींची सेवेची वर्षं काढली. सपाट पुठ्ठ्यापासून मोजणी कशी करायची, त्याचे नियम लिहिले, त्यात पाणी प्यायला जाण्याचा वेळ धरला. मुद्द्याचं ते सोडून सगळं केलं. ‘चुकीची नोंद’ हे दोन शब्द माझ्या अक्षरात, माझ्या सहीवर, हे माझ्याच्याने होत नाही. चौदा वर्षांत माझ्या एकाही यादीत खाडाखोड नाही. शेठना माणूस किती चांगला वाचता येतो! त्यांनी माझ्याकडे पैसे मागितले नाहीत, जास्तीचं काम मागितलं नाही. नेमकं हेच मागितलं.

आणि बावीस बायांच्या पगारापेक्षा जिला आपल्या वहीची शुद्धता मोठी वाटते, तिने सरांना नावं ठेवू नयेत, हे मलाही कळतं. सरांनी निदान पंधरा मिनिटांची चौपट तरी केली. मी एकवीस दिवसांत काय केलं?

आज संध्याकाळी ती बहात्तरवाली पोर आली, अंगठा दाखवून म्हणाली, “ताई, एकतीस तारखेपर्यंत पंच्याहत्तर करीन मी. तोवर तुमचं होईल ना लिहून?”

झालेलं: अर्जाचा मसुदा, तक्ता, सेवेची वर्षं, मोजणीचे नियम. तिच्या अंगठ्याला मलम.

राहिलेलं: शेठना द्यायचा कागद. कोरा कागद काढून ठेवला आहे. वर तारीख घातली आहे, खाली नाव टाईप केलं आहे. मधल्या दोन ओळी लिहायच्या आहेत आणि सही करायची आहे. तीन दिवस आहेत.